मुंग्यांची चूक नव्हती

हिराबाबा, आज सकाळी मुंग्या चढतायत. मीटर रूमच्या भिंतीवर, तीच लाइन, खालच्या फटीतून निघून सरळ वर, प्रत्येकीच्या तोंडात पांढरं अंडं. मी बघितलं आणि लगेच वळून तुमच्या खुर्चीला सांगायला गेले. तोंड उघडलं पण होतं. मग आठवलं.

तुम्हाला जाऊन बारा दिवस झाले. हे मी क्लासच्या कॉम्प्युटरवर टाइप करतेय. सर म्हणतात मराठीचा स्पीड वाढव, तर वाढवतेय, चुका नंतर बघू. तुम्ही बाजूला असता तर म्हणाला असता, "बोटा हायत का मुंगल्या?" याची प्रिंट काढून मी मीटर रूमबाहेरच्या बोर्डाच्या शेजारी चिकटवणार आहे, कारण यातली एक गोष्ट सगळ्या बिल्डिंगला कळायला हवी, आणि ती तुम्ही असताना मला सांगता आली नाही. दोन वर्षं रोज सकाळी सांगणार होते. रोज सकाळी तुम्ही म्हणायचात "लिव", आणि मी दुसरंच काहीतरी लिहायचे.

पण आधी कपाटाचं सांगू दे, कारण ते नवीन भाडेकरूंना माहीतच नाही.

आम्ही नवघरला राहायला आलो तेव्हा मी सहावीत. टेम्पोतून गोदरेजचं कपाट उतरवलं, आणि हमाल गायब. पप्पांनी इकडेतिकडे बघितलं, तर गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बनियनवर एक म्हातारा माणूस. पप्पा गुहागरचे, मोठ्या आवाजात बोलायची सवय. "ओ वॉचमन, जरा हात लावा." तुम्ही उठलात, हात लावलात, दोन मजले कपाट चढवलंत, पायऱ्यांवर पप्पांनाच ओरडलात, "त्या अंगाला धर, त्या अंगाला, भिंत जाईल!" वर आल्यावर पाणी प्यायलात. मम्मीने चहा दिला तो पण प्यायलात. पप्पांनी खिशातून दहाची नोट काढली तेव्हा म्हणालात, "रावदे. जागा माजीच हाय."

पप्पांचा चेहरा! आम्हाला नंतर कळलं की ही बिल्डिंग उभी आहे ते तुमचं भाताचं शेत, मागे मोकळं दिसतं तिथपासून पुढे मिठागरं, आणि तुम्ही चाळीस वर्षं मीठ पिकवलेलं. बिल्डरकडून तुम्हाला तळमजल्यावर दोन फ्लॅट मिळाले. पण तुम्हाला घरात बसवायचं नाही. शेताच्या बांधावर बसायचात तसे गेटवर बसायचात. भिंत होती म्हणून काय झालं.

बोर्डाचं काम माझ्याकडे आलं आठवीत, कारण अक्षर चांगलं. मीटर रूमच्या बाहेर काळा फळा, त्यावर दोन गोष्टी लिहायच्या: आज पाणी किती वाजता येणार आणि टाकीच्या वॉलची पाळी कोणाची. आपल्याला वॉचमन नाही (पप्पांना एकदा वाटला होता तेवढाच), त्यामुळे रोज एका घराने पहाटे खालच्या टाकीचा वॉल उघडायचा आणि भरली की बंद करायचा. फ्लोट कधीचा तुटलेला. बंद नाही केला तर पाणी झाकणातून वर येऊन मीटर रूमपर्यंत पसरतं.

मी खडू घेऊन उभी, आणि मागून तुमचा आवाज. "लिव, कपरे गच्चीवर घालू नका म्हना."

"का?"

"पानी येल."

"ऊन आहे बाबा!"

"तू लिव तर."

मी गंमत म्हणून लिहिलं: हिराबाबा म्हणतात, आज पाऊस. दुपारी तीनला असा आला की वरच्या नीलाबेनचे सगळे पापड गेले. दुसऱ्या दिवसापासून नीलाबेन आधी बोर्ड वाचायच्या आणि मग पीठ मळायच्या. खाली वाकून विचारायच्या, "बाबा, आज डालूं क्या?" आणि तुम्ही आभाळाकडे न बघता, "डालो डालो, पन दोन बजे उतारने का." आभाळाकडे तुम्ही बघायचातच नाही! मला हेच भारी वाटायचं. तुम्ही खाली बघायचात. मुंग्या बघायचात. मागच्या प्लॉटवर हेलिकॉप्टर, म्हणजे चतुर, किती खाली उडतायत ते. चिमण्या धुळीत लोळतायत का. आणि मीटर रूमच्या खिडकीत ती मातीची ताटली, तिच्यात मिठागरातलं जाडं मीठ, दर सकाळी एक चिमूट घेऊन बोटांत फिरवायचात आणि डोळे मिटायचात. मला पण फिरवायला लावायचात. "काय बोलतंय?" मी म्हणायचे, "चिकट बोलतंय." तुम्ही म्हणायचात, "चिकट तर ता रोजच हाय, खारीवर रातंय ता. कालच्यापेक्षा कसा हाय ता सांग." हे कालच्यापेक्षा मला खूप उशिरा कळलं.

टीव्हीवरच्या अंदाजावर तर तुमचं खास प्रेम. "मुंबई व परिसरात तुरळक सरी." तुम्ही विचारायचात, "परिसर म्हंजे कोन?" मी म्हणायचे आपण. "मंग नाव घ्यायला काय जातंय त्यांचा?"

टिटवीने बांधावर उंच अंडी घातली तर पाऊस जोरात, तुम्ही सांगितलंत. कावळ्याने झाडाच्या शेंड्याला घरटं केलं तर कमी, मधल्या फांदीत केलं तर भरपूर, हे पण. एका मे महिन्यात कावळ्याने मोबाइलच्या टॉवरवर घरटं केलं, हँगर आणि केबलच्या तुकड्यांचं. मी धावत सांगायला आले. तुम्ही हात डोळ्यांवर धरून किती वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, "टावरचा मना न्हाय म्हाईत गो. टावरचा त्यालाच इचार." मी हसून हसून खाली बसले होते.

भांडण मात्र आपलं एकच, आणि ते कधी संपलं नाही. माझं म्हणणं, तुम्ही शंका आली की पाऊसच सांगता, हे चीटिंग आहे. तुमचं म्हणणं, "मीठ झाकला आन पानी न्हाय आला, तं काय गेला? पेंढा. न्हाय झाकला आन आला, तं?" मग तुम्ही ती गोष्ट सांगायचात. तुम्ही तरुण होतात, वडील बाजाराला गेलेले, मिठाची रास तुमच्यावर सोपवलेली. वारा फिरला ते तुम्हाला कळलं होतं. पण पेंढा आणायचा कंटाळा केलात. अवेळी सर आली आणि सगळ्या मोसमाचं मीठ खाडीला गेलं. वडील आले, उरलेल्या ढिगाजवळ बसले, बोट लावून चाखलं, आणि म्हणाले, "चल, जेवाया." बस. पुढे आयुष्यात एकदाही तो विषय नाही. "मारला असता तं बरा झाला असता," तुम्ही म्हणायचात. मी म्हणायचे, "पण बाबा, प्रत्येक गोष्ट काय मीठ नसते." तुम्ही म्हणायचात, "बघ हां."

आता हळदीचं. टाइप करायला हात चालत नाहीये, पण चालवते.

ताईचं लग्न मे महिन्यात, रविवारी. शनिवारी गच्चीवर हळद. पप्पांनी मांडव सांगितलेला, लाइटिंग, गुहागरहून तीस माणसं, मम्मीचं एकच स्वप्न की भावजयांनी बघावं मुंबईत आपलं कसं आहे. (भाईंदर. पण गावाला मुंबईच सांगतो.) गुरुवारी संध्याकाळी तुम्ही मला बोलावलंत. भिंतीवर मुंग्यांची ही मोठी लाइन, सगळ्या अंडी घेऊन वर. तुम्हाला इतकं गंभीर मी कधी बघितलं नव्हतं. "पोरी, आईला सांग. गच्चीवर नको. शनवारी पानी येल."

"नक्की?"

"मुंगली काय खोटा बोलंल?"

मम्मी घाबरली. तुमचं सहसा चुकायचं नाही ना. मांडव सोडवला. हळद दोन खोल्या आणि पॅसेजमध्ये केली. चाळीस माणसं, दोन पंखे, ताईच्या तोंडावरची हळद घामाने गळ्यात आली. आणि बाहेर आभाळ कसं? स्टीलच्या ताटासारखं! एक ढग नाही. मामी पदराने वारा घेत म्हणाली, "गच्ची आहे ना तुमच्याकडे? मग?" मम्मी म्हणाली, "नाही, ते आमचे एक बाबा आहेत खाली, त्यांना मुंग्या सांगतात." सगळे हसले. मम्मी पण हसली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली.

मी ते बघितलं, बाबा. मी तशीच हळदीच्या हातांनी खाली आले, बोर्ड पुसला आणि लिहिलं. मोठ्या अक्षरात, सेक्रेटरी काकांच्या भाषेत:

सर्व सभासदांना कळविण्यात येते की हिराबाबा यांना हवामानातील काहीही समजत नाही. तरी यापुढे मुंग्यांवर विश्वास ठेवू नये.

तुम्ही दोन हात अंतरावर खुर्चीत बसलेले. लिहायला वाचायला तुम्हाला येत नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच लिहिलं. हे मला इथे स्पष्ट लिहायचंय, म्हणूनच लिहिलं.

खाली उभी असलेली पोरं वाचून फुटली. त्यांना हसताना बघून तुम्ही पण हसायला लागलात. "काय लिवलास गो?"

मी म्हटलं, "उद्या ऊन आहे, असं."

तुम्ही म्हणालात, "बराबर हाय."

रविवारी तुम्ही लग्नाला आलात. इस्त्रीचा सदरा, डोक्यावर लाल टोपी, तुमच्या समाजातले सगळे घालतात ती. ताईच्या डोक्यावर हात ठेवलात. मामीने तुम्हाला बघून मुद्दाम विचारलं, "हेच का ते पावसाचे?" आणि तुम्ही हात जोडून म्हणालात, "ह्योच तो. जिलबी बरी झालीय." सोमवारी पहाटे मी घाईघाईने बोर्ड पुसायला खाली आले, तर तुम्ही आधीच बोर्डाखाली खुर्ची टाकून. मी पुसलं. तुम्ही मीठ बोटांत फिरवलंत. म्हणालात, "लिव."

मला वाटलं, सुटले.

दोन दिवसांनी तुम्ही मला हाक मारलीत, अशी हाक की मला वाटलं काही झालं. तुम्ही मीटर रूममध्ये गुडघ्यांवर बसलेले, एवढ्या वयात, आणि हातात काडी. फटीतली माती उकरून दाखवलीत. आतून ओली, चिखल. वरून सगळं सुकलेलं. तुमचा चेहरा लहान मुलासारखा झालेला.

"बघ! मुंगल्यांची चूक न्हाय! त्यांच्या घरान पानी शिरला व्हता. टाकीचा! गुरवारी टाकी भरून गेलती. त्या बिचाऱ्या पोरा घेऊन वर पलाल्या, मना वाटला वरचा पानी येतंय." आणि हसायला लागलात, थांबतच नव्हतात. "आमच्या टायमाला पानी वरनंच येयाचा गो. आता खालनंबी येतंय. ह्या मना म्हाईत नव्हता."

मी पण हसले. आणि मग तुम्ही काडीने हात पुसत, माझ्याकडे न बघता विचारलंत, "गुरवारी वॉलची पाली कोनाची व्हती?"

बाबा, गुरुवारी पाळी आमची होती. दोनशे तीन. बोर्डवर मीच लिहिली होती. पप्पा नेहमी बंद करतात, पण लग्नाची गडबड म्हणून मम्मीने मला सांगितलं. त्या दिवशी पाणी पहाटे नाही, दुपारी आलं; मी वॉल उघडला, आणि वर गेले तर मेंदीवाली आलेली, आणि मी मेंदी काढून घेत बसले. दोन्ही हातांवर. टाकी तासभर वाहिली. पप्पांनी येऊन बंद केला, झाडूने पाणी काढलं, आणि मला म्हणाले कोणाला सांगू नको.

म्हणजे टाकी मी वाहवली. मुंग्या माझ्यामुळे चढल्या. तुम्ही त्या नीट वाचल्या आणि मम्मीला सावध केलंत. आणि मी सगळ्या बिल्डिंगसमोर तुम्हाला बोर्डवर चढवलं.

"आठवत नाही," मी म्हटलं.

तुम्ही काडी टाकून दिलीत. "मनाबी न्हाय आठवत," म्हणालात. आणि उठायला आधार म्हणून माझ्यापुढे हात केलात.

मग दोन वर्षं. रोजचं पाणी, रोजचं मीठ. एक बदल झाला, तुम्ही मुंग्या दिसल्या की आधी टाकीच्या झाकणाकडे जाऊन जमिनीला हात लावून यायचात, मग सांगायचात. मला वाटायचं मी आज बोलेन. बारावीच्या रिझल्टला पेढा दिला तेव्हा जवळजवळ बोललेच होते. तुम्ही पेढ्याचा अर्धा तुकडा मुंग्यांना ठेवलात, मी म्हटलं राहू दे आज. तुम्ही आजारी पडलात तेव्हा वाटलं, असं आता सांगितलं तर तुम्हाला कळेल की आपण गेल्यात जमा आहोत. हा माझा हुशार विचार. हॉस्पिटलमध्ये खिडकीची सीट मिळाली म्हणून खूश होतात, आणि मला विचारलंत, "बोर्डवर काय लिवलास?" मी म्हटलं, पाणी साडेपाचला. "आन आभाल?" मी म्हटलं तुम्ही नाही तर कोण सांगणार. तुम्ही म्हणालात, "ताटली हाय ना थं." शेवटचं बोलणं हेच.

दहाव्याला खाडीवर मी पण आले होते. सगळे सांगत होते, हिराबाबांचा कावळा काही लवकर शिवणार नाही, जन्मभर कावळ्यांच्या घरट्यांवर नजर ठेवली, ते आता सूड घेणार. मी मनात तयारी करून आलेले. कावळा थांबला की लांबून, हळूच, सगळं सांगून टाकायचं. पाठ केलं होतं, खोटं नाही सांगत. आणि झालं काय? तुमच्या सुरेशदादाने पिंड ठेवला, हात जोडायला मागे सरकला, पूर्ण सरकला पण नव्हता, आणि कावळा आला, शिवला, गेला! लोक म्हणाले, वा, म्हाताऱ्याचं काही राहिलं नव्हतं. सगळ्यांना बरं वाटलं आणि मला रडू फुटलं. म्हणजे माझ्यासाठी पाच मिनिटं पण थांबला नाहीत?

घरी येताना तुमच्या सूनबाई, वैशालीवहिनी, माझ्या बाजूला चालत होत्या. त्यांना वाटलं मी तुमच्यासाठी रडतेय. म्हणाल्या, "तुज्यावर लय जीव होता बाबांचा. रोज सांजच्याला मना घेऊन बोर्डाकर येयाचे. वाच, म्हनायचे, पोरीनी काय लिवलंय. दोनदा वाचाया लावायचे. पानी, पाली, सगला."

मी विचारलं, "रोज?"

"रोज. तू बोर्ड लिवाया लागलीस तवापासून."

"ताईच्या हळदीच्या दिवशी पण?"

वहिनी थांबल्या. त्यांना आठवत होतं. माझ्याकडे बघून त्या थोड्या हसल्या. "त्या दिवशी मी म्हनला, पुसू का? तं बोलले, नको. अक्षर चांगला काढलाय, रावदे."

म्हणजे तुम्हाला शनिवारी संध्याकाळीच कळलं होतं. जिलबी बरी झालीय म्हणालात ते माहीत असून. "लिव" म्हणालात ते माहीत असून. आणि गुरुवारची पाळी पण तुम्ही गुरुवारीच वाचून घेतली होती. काडीने हात पुसत मला विचारलंत ते तुम्हाला माहीत करून घ्यायचं नव्हतं. मला सांगायला जागा करून दिली होती. मी नाही सांगितलं, तर ती जागा तुम्ही पेंढ्याने झाकून टाकलीत. चल, जेवाया.

तुम्हीच म्हणायचात ना, मारलं असतं तर बरं झालं असतं. आता कळतंय, बाबा, चांगलंच कळतंय. मग का नाही मारलंत?

तर ऐका सगळे, एकशे एकपासून चारशे चारपर्यंत. त्या गुरुवारी टाकी मी वाहवली. बोर्डवर जे लिहिलं ते मी लिहिलं. हिराबाबांना हवामानातलं समजत होतं. आणि माझ्यातलं पण.

आज सकाळचं सांगते आणि उठते, पुढच्या बॅचची मुलं मागे येऊन उभी आहेत. मुंग्या चढत होत्या. मी आधी टाकीशी गेले. वॉल बंद. जमिनीला हात लावला, कोरडी. मग ताटलीतलं मीठ घेतलं, डोळे मिटले. कालच्यापेक्षा जड वाटलं, थोडंसंच. आभाळ स्वच्छ होतं, सप्टेंबर संपत आलाय, टीव्ही म्हणतोय मुंबई व परिसरात कोरडं. मग बोर्डवर लिहिलं, अक्षर चांगलं आलं. नीलाबेन वरून वाकून बघत होत्या, वाचून गच्चीवर गेल्या आणि पापडांची चादर गोळा करायला लागल्या.

खडू ठेवला आणि सवयीने थांबले, तुमच्या प्रश्नाची वाट बघत. काय लिवलास गो?

मी खुर्चीकडे तोंड केलं आणि जे लिहिलं होतं तेच वाचून दाखवलं. "पाणी साडेपाच वाजता. वॉलची पाळी दोनशे तीन, बंद केला आहे. आज पाऊस येईल."

मग दुसऱ्यांदा पण वाचलं.